रीमिक्स
रीमिक्स : (पुनर्मिश्रण). ध्वनिमुद्रित गीतातील गायन, ताल व वाद्ये यांचे स्वतंत्र ध्वनिपट्टे वेगळे करून, त्यांत भर घालून वा काट करून केलेली नवी जुळणी. ‘हाऊस’ या नृत्यसंगीत-प्रकाराच्या घडणीत डिस्को गीतांच्या पुनर्मिश्रणाचा वाटा मोठा आहे.

१९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन, वॉल्टर गिबन्स इत्यादींनी नृत्यगृहांसाठी गीते लांबविण्यास प्रारंभ केला. त्यासाठी १२ इंची तबकडी सोयीची ठरली. तिच्यावरील खाचांना अधिक जागा मिळत असल्याने मंद्र स्वर व तालाघात ठळकपणे मुद्रित होतात. गिबन्स यांनी पुनर्मिश्रित केलेले ‘टेन परसेंट’ (१९७६) हे गीत अशा तबकडीवर विक्रीस आलेल्या आरंभीच्या गीतांपैकी होय.

१९७९ नंतर अमेरिकेत डिस्कोची लोकप्रियता ओसरली. शिकागोच्या ‘वेअरहाऊस’ या नृत्यगृहात मात्र फ्रँकी नकल्स (१९५५–२०१४) हे जुनी डिस्को गीते ध्वनिफितीवर कापून-जोडून वाजवीत राहिले. ‘हाऊस’ हे नाव सामान्यतः या नृत्यगृहाच्या नावावरून आले, असे मानतात. हाऊस पद्धतीच्या पुनर्मिश्रणात मूळ वाद्यवृंदाच्या जागी बहुधा विद्युत्-तालयंत्र येते. चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा आघात असतो व लय मिनिटास सुमारे १२० ते १३० मात्रांची असते. मूळ गीतातील बहुधा गायनच तेवढे ओळखू येण्याजोगे उरते.

यातूनच श्रेयाचा प्रश्न उद्‌भवतो. शिकागोच्या गायिका लोलिएटा हॉलोवे (१९४६–२०११) यांनी डॅन हार्टमन यांचे ‘लव्ह सेन्सेशन’ हे डिस्को गीत १९८० मध्ये गायिले. ‘ब्लॅक बॉक्स’ या इटालियन संचाने त्यातील गायनाचे अंश ‘राइड ऑन टाइम’ (१९८९) या हाऊस गीतात वापरले. ते ब्रिटनमध्ये सहा आठवडे अग्रस्थानी होते. परंतु त्यावर हॉलोवे यांचे नाव नव्हते आणि चित्रफितीत दुसरीच स्त्री ओठ हालविताना दिसे. कायदेशीर तंट्यानंतर हॉलोवे यांना मोबदला मिळाला. त्याच गीतातील अंश घेतलेल्या ‘गुड व्हायब्रेशन्स’ (१९९१) या गीतावर मात्र त्यांचे नाव आले.

काटेकोर अर्थाने पुनर्मिश्रण म्हणजे हक्कधारकाच्या संमतीने मूळ ध्वनिपट्ट्यांवर केलेले काम. तयार तबकडीतील तुकडा उचलून नव्या रचनेत बसविणे, हे त्याहून वेगळे. दोहोंतही गायकाचा आवाज मात्र कच्चा माल ठरण्याचा संभव असतो. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या १९९६ च्या कराराने, आपल्या ध्वनिमुद्रित प्रयोगाचा कर्ता म्हणून नावाचा उल्लेख व्हावा, हा कलावंताचा नैतिक हक्क मान्य केला.