आमच्याकडे सगळ्यांनाच असं जातं

१९२४ साली बाल्टिक समुद्रातल्या ओलांड बेटांवरून पाच वर्षांच्या एका मुलीला तपासणीसाठी हेलसिंकीला आणलं. जराशा जखमेतूनही तिचं रक्त थांबत नसे आणि तिच्या काही बहिणी रक्तस्रावानेच दगावल्या होत्या. तिला तपासणाऱ्या एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांनी मग तिच्या सगळ्या गोतावळ्याची माहिती काढली. वंशपरंपरेने येणारा रक्तस्राव हा पुरुषांचा आजार, असं तोवरचं वैद्यक मानत होतं. या घराण्यात मात्र आजार असलेल्या पुरुषांपेक्षा बायकाच जास्त निघाल्या. १९२६ साली त्यांनी हा वेगळा आजार शोधनिबंधातून मांडला आणि पुढे त्यांचंच नाव त्याला मिळालं. ती मुलगी तेराव्या वर्षी गेली. तिची ती चौथी पाळी होती.

त्या निबंधानंतर जवळपास शतक लोटलं, तरी बायकांना रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार असू शकतो हे घरात कुणाला पटत नाही आणि दवाखान्यातही पटकन आठवत नाही. मला याचं कारण साधं दिसतं. मुलाच्या गुडघ्यात रक्त साकळलं की घर धावतं. मुलीचं रक्त दर महिन्याला जातच असतं, मग ते किती गेलं हे कोण विचारणार?

‘हा पुरुषांचा आजार, बायका फक्त पुढे देतात’

हिमोफिलियात रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक कमी असतो. या दोन्ही घटकांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे त्यात दोष आला की आजार उघड होतो. बाईकडे दोन असतात. एक बिघडला तरी दुसरा निभावून नेईल, असं गृहीत धरून तिला ‘वाहक’ ठरवलं जातं आणि तिची फाइल तिथेच मिटते.

प्रत्यक्षात नेहमीच असं होत नाही. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स काम करतो, दुसरा अगदी सुरुवातीलाच बंद पडतो, हा सिद्धान्त मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ मध्ये मांडला. कोणत्या पेशीत कोणता एक्स बंद पडेल, याला काही नियम नाही. एखादीच्या बहुतेक पेशींत निरोगी एक्सच बंद पडला असेल, तर तिच्या रक्तातला घटक २०-३० टक्क्यांवर, क्वचित त्याहूनही खाली येतो. तिच्या भावाचा घटक १ टक्क्याहून कमी असेल, म्हणून तो घरातला ‘पेशंट’. पण तिची दाढ काढली की तीही दोन दिवस रक्तच थुंकत बसते. २०२१ साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थेने वर्गवारी स्पष्ट केली. घटक ४० टक्क्यांच्या खाली असेल, तर त्या बाईला हिमोफिलियाच आहे आणि त्याची तीव्रता पुरुषांच्याच मापाने ठरवायची. पातळी त्याहून वर असूनही रक्तस्राव होत असेल, तर तिची ‘लक्षणं असलेली वाहक’ अशी वेगळी नोंद करायची.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला, ही मोठीच गोष्ट. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टातली व्याख्या सांगते, की हा आजार सहसा फक्त पुरुषांना होतो आणि बायका तो आपल्या मुलग्यांना देतात. खुद्द कायद्यातच हे छापलेलं असेल, तर तालुक्याच्या डॉक्टरला किंवा सासूबाईंना किती दोष द्यायचा? ही व्याख्या बदलायला हवी.

शिवाय सगळे रक्तस्रावाचे आजार एक्सवर बसलेले नसतात. फॉन विलेब्रांड आजाराचं जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे, त्यामुळे तो मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच होतो आणि वडिलांकडूनही येतो. लक्षणं दिसणाऱ्या रुग्णांचंच प्रमाण साधारण हजारात एक धरलं जातं. म्हणजे हिमोफिलियापेक्षा तो कितीतरी जास्त आढळतो. फॉन विलेब्रांड घटक रक्तातल्या प्लेटलेटना जखमेच्या जागी डिंकासारखा चिकटवून ठेवतो. तो कमी पडला की नाक, हिरड्या, आतडी, गर्भाशय अशा नाजूक अस्तराच्या जागा वाहू लागतात. म्हणूनच या आजाराची सगळ्यात ठळक खूण मुलींच्या पाळीत दिसते.

‘आमच्याकडे सगळ्यांनाच असं जातं’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. मुलगी आईला सांगते, फार जातंय. आई म्हणते, मलाही असंच जायचं, तुझ्या मावशीलाही. आई खोटं बोलत नसते. तिला आणि मावशीलाही हाच आजार असतो, इतकंच. ज्या घरात आजार रक्तातूनच आलेला आहे, त्या घरातल्या बायकांशी तुलना करून ‘नॉर्मल’ ठरवायचं म्हटलं, तर आजार कधीच सापडणार नाही. दोन पिढ्यांनी अंगावर काढलेलं दुखणं तिसऱ्या पिढीसाठी घराण्याची रीत होऊन बसतं.

म्हणून मोजायला काहीतरी बाहेरचं माप हवं. एका पाळीत ८० मिलिलिटरहून जास्त रक्त जाणं म्हणजे अतिस्राव, असं पुस्तक सांगतं, पण घरी मिलिलिटर कोण मोजणार? त्याऐवजी हे पाहा. तास-दोन तासांत पॅड पूर्ण भिजून बदलावं लागतं का? रात्री त्यासाठी उठावं लागतं का? रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडतात का? पाळी सात दिवसांहून जास्त चालते का? त्या दिवसांत शाळा बुडते का? आणि मग पाळीपलीकडचे प्रश्न. घोळणा फुटला की दहा मिनिटं दाबून धरूनही थांबत नाही का? कुठे आपटल्याचं आठवतही नाही, तरी अंगावर मोठाले काळे-निळे डाग उठतात का? टाके घातल्यावर, दात काढल्यावर, बाळंतपणात जास्त रक्त गेलं होतं का? यातल्या दोन-तीन प्रश्नांना ‘हो’ असेल, तर हे उष्णतेमुळे होत नाही आणि लग्न झाल्यावर आपोआप थांबणारही नाही.

पाळीत अतिस्राव होणाऱ्या स्त्रियांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००४ साली घेतला गेला, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे १३ टक्के जणींना फॉन विलेब्रांड आजार असल्याचं दिसलं. वयात येणाऱ्या मुलींकडे तर अधिकच लक्ष द्यायला हवं, कारण त्या वयात गाठी वगैरे कारणं क्वचित असतात. पहिल्याच पाळीत रक्त चढवावं लागलं, तर ‘सुरुवातीला होतं असं’ म्हणून घरी पाठवणं गुन्हा आहे, असं मी म्हणेन.

याला जोडूनच अशक्तपणा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. इतक्या जणींच्या अंगात रक्त कमी म्हटल्यावर ते का कमी, हे एकेकीला विचारायचं राहून जातं. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी चांगलीच आहे, ती घ्यावीच. पण जितकं लोह पोटात जातं त्याहून जास्त दर महिन्याला वाहून जात असेल, तर त्या गोळीने काय होणार? हिमोग्लोबिन बरं असलं तरी शरीराचा लोहाचा साठा रिता झालेला असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. धाप लागणं, केस गळणं, अभ्यासात मन न लागणं या तक्रारी तिथूनही सुरू होतात.

‘बीटी-सीटी केलीय, सगळं नॉर्मल आहे’

ऑपरेशनआधी बोटाला किंवा कानाच्या पाळीला टोचून, रक्त थांबायला आणि गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी ही जुनी तपासणी आजही गावोगाव चालते. तिच्यावर विसंबून ‘रक्तात दोष नाही’ असं म्हणता येत नाही. पीटी आणि एपीटीटी या त्याहून चांगल्या चाचण्या, पण सौम्य फॉन विलेब्रांड आजारात त्याही बहुधा नॉर्मल येतात. ग्लान्झमन थ्रोम्बस्थेनिया या दुर्मीळ आजारात प्लेटलेटची संख्या पुरेशी असते, पण त्या एकमेकींना चिकटत नाहीत. तेराव्या घटकाच्या कमतरतेत तर नेहमीच्या सगळ्या चाचण्या नॉर्मल. नाळ पडताना बाळाच्या बेंबीतून रक्त येत राहणं आणि पुढे त्याच मुलीचे लागोपाठ गर्भपात होणं, या तिच्या खुणा. अशा किती बायकांना ‘मूल टिकत नाही’ म्हणून टोमणे ऐकावे लागले असतील! हा घटक ठरावीक काळाने देत राहिलं, तर गर्भ टिकू शकतो.

मागायच्या चाचण्या वेगळ्या आहेत: फॉन विलेब्रांड घटकाचं प्रमाण, त्याची कार्यक्षमता आणि आठव्या, नवव्या घटकांची पातळी. त्यातही एक मेख आहे. ताण, ताप, गरोदरपण आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांमुळे फॉन विलेब्रांड घटक तात्पुरता वाढतो. म्हणून एकदा नॉर्मल आलं तरी संशय असेल तर पुन्हा तपासावं. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था याच विषयात काम करते. राज्यातल्या काही जिल्हा रुग्णालयांत हिमोफिलियाची डे केअर केंद्रं आहेत. मुलांच्या सोबत येणाऱ्या आयांनी तिथे स्वतःचीही तपासणी मागावी.

‘पिशवी काढली की सुटलो’

जास्त जातंय म्हटल्यावर गर्भपिशवी काढून टाकण्याचा सल्ला महाराष्ट्रात किती सहज दिला जातो, हे २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या निमित्ताने सगळ्यांसमोर आलं. तिथे मजुरी आणि दंडाचंही गणित होतं, ती कहाणी वेगळी आहे. पण रक्त का जातंय हे न तपासता अवयवच काढायचा, ही सवय सगळीकडची. गोठण्याचा दोष तपासलेलाच नसेल, तर ते ऑपरेशनच जिवावर बेतू शकतं. आणि ते पार पडलं, तरी नाक, हिरड्या, सांधे, पुढची प्रत्येक शस्त्रक्रिया यांतला धोका तसाच राहतो.

त्याआधी बरंच काही करता येतं. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे जपानच्या उताको ओकामोतो या डॉक्टर बाईंनी पतीसह शोधलेलं, १९६२ मध्ये जगापुढे आलेलं औषध. गोठलेलं रक्त लवकर विरघळू न देणं हे त्याचं काम. ते स्वस्त आहे आणि पाळीच्या दिवसांपुरतंच घ्यायचं असतं. मात्र आपल्याकडे त्याच्या गोळीत पुष्कळदा मेफेनॅमिक अ‍ॅसिड मिसळलेलं असतं. पाळीत पोट दुखलं की मेडिकलमधून आणल्या जाणाऱ्या गोळ्यांतही तेच असतं. ते, अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन प्लेटलेटना दुबळं करतात, म्हणून रक्तस्रावाचा आजार असलेल्या मुलीला ती औषधं तज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. याशिवाय हार्मोनच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचं लेव्होनॉर्जेस्ट्रेलचं साधन, काही जणींना डेस्मोप्रेसिन आणि गरज पडेल तेव्हा घटकाची इंजेक्शनं, हे सगळे उपाय आहेत. लग्न न झालेल्या मुलीला ‘त्या गोळ्या’ कशाला, असं म्हणणाऱ्या आईवडिलांना मला कळकळीने सांगायचंय: या गोळ्या इथे गर्भनिरोधासाठी नाहीत, रक्त थांबवण्यासाठी आहेत, आणि त्यांनी पुढे मूल होण्यात अडचण येत नाही.

बाळंतपणाबद्दल दोन टोकाचे समज आहेत. अशा बाईने मूल होऊच देऊ नये, हे एक. आणि नऊ महिने काही त्रास झाला नाही म्हणजे धोका टळला, हे दुसरं. पहिलं खोटं आहे. दुसरं जास्त घातक. गरोदरपणात आठवा आणि फॉन विलेब्रांड घटक बहुतेकींत वाढतात, पण नववा घटक फारसा वाढत नाही. बाळंत झाल्यावर वाढलेले घटक एक ते तीन आठवड्यांत पूर्वपदावर येतात आणि नेमकी तेव्हा बाई टाके बरे होऊन माहेरी गेलेली असते. दहाव्या-पंधराव्या दिवशी अचानक जोरात अंगावरून जाऊ लागलं, तर तो बाळंतपणानंतरचा नेहमीचा स्राव समजू नये. बाळाला हिमोफिलिया असण्याची शक्यता असेल, तर व्हॅक्यूम लावून प्रसूती करू नये आणि बाळाच्या घटकाची तपासणी नाळेतल्या रक्तातून करून घ्यावी. त्यासाठी प्रसूतितज्ज्ञ, रक्तविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी सातव्या-आठव्या महिन्यातच एकत्र बसून योजना कागदावर लिहिली पाहिजे.

उरला लग्नाचा प्रश्न. मुलीची तपासणी केली तर तिचं लग्न जमणार नाही, या भीतीने घरं गप्प राहतात. इथे दोन तपासण्या वेगळ्या कराव्यात. जनुकाची तपासणी मुलगी समजत्या वयाची झाल्यावर तिच्या मर्जीने होऊ शकते. घटकाची पातळी मात्र पहिली पाळी येण्याआधीच माहीत हवी, कारण तिच्यावर जीव अवलंबून आहे. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्नाची प्रथा असलेल्या समाजांत ग्लान्झमन किंवा तेराव्या घटकाच्या कमतरतेसारखे दुर्मीळ आजार अधिक दिसतात. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच ते होतात, तेव्हा एकट्या सुनेला जबाबदार धरण्याला आधारच नाही. हिमोफिलियाचे सुमारे एक तृतीयांश रुग्ण तर असे असतात, की त्यांच्या घराण्यात पूर्वी हा आजार कुणालाच नव्हता.

तुमच्या घरात हिमोफिलियाचा एक जरी रुग्ण असेल, तर त्याच्या आईची, बहिणींची आणि मुलींची घटकपातळी तपासून घ्या. वडिलांना हिमोफिलिया असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलीत तो दोष उतरलेला असतोच, त्याला अपवाद नाही. आणि रुग्ण कुणीही नसला, तरी घरातल्या मुलीने ‘फार जातंय’ म्हटलं, तर पॅड किती वेळाने बदलावं लागतं ते तिला विचारा, ते तारखेसह वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.