दोन संगणक, एक गाणे : जुन्या संगणकाला जोडीदार कसा द्यावा?



यंदा स्नेहसंमेलनाचे समूहगीत आम्ही शाळेतच ध्वनिमुद्रित केले. पेटी, तबला, टाळ आणि मुलांचे आवाज मिळून बारा ट्रॅक झाले. मुद्रण छान झाले. पण प्रत्येक ट्रॅकवर रिव्हर्ब लावला, म्हणजे मोठ्या सभागृहात गायल्यासारखा घुमणारा आवाज दिला, आणि संगणक चर्र चर्र करू लागला. ज्यांचा मुलगा हे काम बघत होता ते पालक म्हणाले, "सर, आता नवीन संगणक घ्यावाच लागेल का हो?"

घ्यावा लागला नाही. कपाटात पडलेला दुसरा संगणक कामाला आला. कसा, ते आज समजून घेऊया.

आवाज का फुटतो?

संगणक आवाजाचे बारीक बारीक नमुने घेतो, एका सेकंदाला ४४,१०० नमुने. गाणे वाजवताना तो ते एकेक न देता गठ्ठ्याने देतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. समजा बफर ५१२ नमुन्यांचा आहे. मग ५१२ ÷ ४४,१०० = ०.०११६ सेकंद, म्हणजे साधारण ११.६ मिलिसेकंद. एवढ्या वेळात सगळ्या ट्रॅकचे सगळे इफेक्ट मोजून पुढचा गठ्ठा तयार हवाच. नाही झाला की आवाजात खंड पडतो. तीच ती चर्र.

पंगतीचे उदाहरण घ्या. एकच आचारी पुऱ्या तळणार, भाजी करणार आणि जिलेबीही काढणार, तर पान रिकामे राहणारच! जिलेबीचे काम शेजारच्या स्वयंपाकघरात दिले, की इकडे पुऱ्या वेळेवर निघतात. दुसरा संगणक म्हणजे हे शेजारचे स्वयंपाकघर.

ही कल्पना नवीन नाही. अॅपलने २००४ साली लॉजिक प्रो ७ मध्ये आवाजाचे काम दुसऱ्या संगणकांवर वाटून देण्याची सोय दिली होती. आज ऑडिओग्रिडर नावाचे मोफत सॉफ्टवेअर हेच काम करते.

जोडणी कशी करायची?

१. दोन्ही संगणक साध्या लॅन केबलने थेट जोडा. आम्ही आधी वाय-फायवर करून पाहिले, आवाज मध्येच तुटत राहिला. वाय-फायवर गठ्ठे कधी लवकर, कधी उशिरा पोचतात.

२. दोन्हींना हाताने आयपी क्रमांक द्या. उदा. एकाला १९२.१६८.१०.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.१०.२. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०.

३. दुसऱ्या संगणकावर ऑडिओग्रिडरचा सर्व्हर चालू करा. जो रिव्हर्ब वापरायचा तो प्लगइन याच संगणकावर बसवलेला हवा. विकतचा असेल तर त्याचा परवानाही इथे लागतो.

४. पहिल्या संगणकावर रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओग्रिडरचा प्लगइन ट्रॅकवर लावा आणि त्यात दुसऱ्या संगणकाचा क्रमांक भरा. फायरवॉलने परवानगी विचारली तर द्या.

माइक आणि स्पीकर पहिल्यालाच राहू द्या. दुसऱ्याला साउंड कार्डही लागत नाही, तो फक्त आकडेमोड करतो.

एवढा आवाज केबलमधून जाईल का?

आरामात! एक स्टीरिओ ट्रॅक २४ बिटचा धरला, तर ४४,१०० × २४ × २ = २१,१६,८०० बिट, म्हणजे सेकंदाला साधारण २१ लाख बिट. १०० मेगाबिटची केबल सेकंदाला १० कोटी बिट नेऊ शकते. खरी अडचण वेळेची आहे. गठ्ठा तिकडे जाऊन परत येईपर्यंत थोडा उशीर होतोच.

म्हणून नियम लक्षात ठेवा : गाताना काम पहिल्या संगणकावर, मिक्सिंग करताना दुसऱ्यावर. मिक्सिंगमध्ये किती उशीर होतो ते सॉफ्टवेअरला कळते आणि ते बाकीचे ट्रॅक तेवढेच थांबवून सगळ्यांचा मेळ घालते. पण समोर गाणाऱ्या मुलीला कसे थांबवणार? तिला हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून येतो आणि ती ताल सोडते. मुलीचा दोष नसतो!

वर्गासाठी उपक्रम

ध्वनी हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मग ११.६ मिलिसेकंदात किती जाईल? मुलांना गणित करू द्या. उत्तर येते जवळपास ४ मीटर. म्हणजे एका बफरचा उशीर हा चार मीटर लांब बसलेल्या तबलजीचा ठेका ऐकण्याइतका. वर्गात चार मीटर मोजून दाखवा. मग चार बफर म्हणजे किती लांब, हेही विचारा.

खरेदीपूर्वी एवढे करा

पालकहो, आधी ट्रॅक फ्रीझ करून पाहा. फ्रीझ म्हणजे इफेक्टसकट तयार आवाज साठवून ठेवणे, त्यामुळे तेवढा भार उतरतो. नंतर बदल हवा असल्यास फ्रीझ काढता येते. त्यानंतर मिक्सिंगपुरता बफर १०२४ करा. एवढ्यावर भागले तर दुसरा संगणकही नको. नाही भागले तर घरात, शाळेत पडून असलेला संगणक आणि एक लॅन केबल घेऊन बघा. मात्र तो फारच जुना, धापा टाकणारा असेल तर उपयोग नाही, हेही स्पष्ट सांगतो.

आमचे गीत संमेलनात वाजले, चर्र न होता. त्या पालकांचे पैसे वाचले. आता त्यातून मुलासाठी चांगला माइक घ्यायचा त्यांचा विचार आहे.