आजोबांची तीन एकरं गेली कुठे?

अंबरनाथ-बदलापूरकडच्या गावांत बचतगटाच्या बैठका घेताना आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "आजोबांची तीन एकरं होती म्हणतात, मग आईच्या नावावर काहीच कसं नाही?" आता इकडच्या शेतांना बिल्डर भाव विचारतो, बडोदा-मुंबई महामार्गात जमिनी गेल्या. पैसे वाटायची वेळ आली की आधी कागदावरचं नाव बघतात. म्हणून आज ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या कशी वाटली गेली, ते कागदावरून कसं शोधायचं ते सांगतो.

आजचा सातबारा घ्या. नावाजवळ छोटे आकडे दिसतील, ते फेरफार क्रमांक. कुणी वारलं, वाटणी झाली, विक्री झाली, की एक फेरफार पडतो. शेवटच्या आकड्यापासून एकेक पायरी मागे जायचं. अलीकडच्या फेरफाराची नक्कल तलाठ्याकडे मिळते (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). जुन्यासाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा. फार जुना कागद मोडीत निघाला तर वाचणारा गाठावा लागतो. एका सर्व्हे नंबरचे हिस्से कधी नि कसे पडले, हे भूमी अभिलेख कार्यालयातल्या आकारफोड पत्रकात सापडतं.

आता बायांची नावं गळतात कुठे? आमच्या पाहण्यात सगळ्यात जास्त घोळ 'ए.कु.मॅ.' या तीन अक्षरांत असतो. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला की थोरल्या भावाचं एकट्याचं नाव असं लावायची पद्धत होती. तो सगळ्यांच्या वतीने कारभारी, एकटा मालक नव्हे. पण पुढे तो वारला की त्याच्याच मुलांची वारस नोंद होते, आणि धाकट्या भावांच्या, बहिणींच्या शाखा उताऱ्यावरून पुसल्या जातात. कुणी फसवलंच असेल असं नाही. कित्येकदा कुणी विचारलंच नाही, एवढंच. असा फेरफार सापडला तर बाकीच्या वारसांची नावं लावण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. आई नि बहिणींची नावं 'इतर हक्कात' टाकलेली असतात, तीही शोधा. आणि हक्कसोड पत्र झालं म्हणून कुणी सांगितलं तर त्याची नोंदणी झाली आहे का ते विचारा. साध्या कागदावर घेतलेल्या अंगठ्याने स्थावर मिळकतीतला हक्क सुटत नाही.

हिशोब बघा. तीन एकर म्हणजे 120 गुंठे. समजा जमीन वडिलोपार्जित आहे, वडील आत्ता वारले, मृत्युपत्र नाही, मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. कायद्याने प्रत्येकाला 24 गुंठे. उताऱ्यावर फक्त भावांची नावं लागली तर 60-60. 2005 सालच्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्माने हिस्सा दिला. तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टातून झालेली वाटणी यामुळे उघडत नाही. आजोबा 1956 च्या आधी वारले असतील तर गणित वेगळं, तिथे वकिलालाच विचारा. हा हिंदू वारसा कायदा आमच्या ठाकूर-कातकरी बहिणींना आपोआप लागू होत नाही. मुस्लिम बहिणींचेही वाटे वेगळे.

उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बहिणी म्हणतील, आमच्याकडे कुठला सातबारा? खरं आहे. लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर निर्वासित आले, त्यांच्या घरांचा माग सनद आणि मालमत्ता पत्रकावरून काढायचा. वारसांची नावं मात्र तिथेही लावूनच घ्यावी लागतात.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क गेला असं होत नाही. तो मुळात महसुलाचा कागद आहे. पण नाव नसेल तर विक्रीच्या वेळी तुम्हाला विचारायला कुणी येत नाही.

नवा फेरफार मंजूर होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. ही नोटीस बहुतेकदा माहेरच्या पत्त्यावर जाते नि तिथेच राहते. तेव्हा वारस नोंदीच्या अर्जात बहिणीचा सासरचा पत्ता लिहिलाय ना, तेवढं बघून घ्या.