फॉर्म भरून झाला, पुढे काय?

दिवाळीच्या आसपास केज तालुक्यातून, युसूफ वडगावच्या परिसरातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एक दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. म्हणून अंगावरून जात असलं, ओटीपोट दुखत असलं तरी बाई डोक्यावर मोळी घेऊन फळी चढते. बीड जिल्ह्यात २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. देशभर गाजावाजा झाला. फॉर्म घेऊन येणारेही वाढले. पण ‘तुमच्या मते कशाचा शोध घ्यायला हवा?’ असं या बायांना कुणी विचारायचं?

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वेगळी वाट धरली. वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते. आधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के! १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि जगाला बायकांचं अंगावर काढलेलं दुखणं दिसलं.

पुढची गोष्ट तर फारच बोलकी आहे. बाळाचा न्यूमोनिया ओळखायला मिनिटभर श्वास मोजावे लागतात. गावच्या सुइणींना जेमतेम दहा-बारापर्यंत मोजता यायचं. मग त्यांना ‘अडाणी’ न म्हणता मण्यांचं साधन तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेजारी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की औषध द्यायचं. सुइणीला काय जमतं, त्यावरून साधन घडलं!

परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी बायांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर काम होतं. तिथे आपली ऊसतोडणारी बाईही सल्लागार म्हणून बसायला हवी. मोळी किती किलोची असावी, फळी कशी असावी, फडावर आडोसा कुठे हवा, हे तिच्याइतकं कोण जाणतं?

मैत्रिणींनो, तुमची लेक-सून प्रकल्पासाठी गावात जाणार असेल तर तिला एवढंच सांगा: पहिला प्रश्न त्या बायांना काढू दे. आणि निष्कर्ष निघाले की आधी त्यांच्या पारावर वाचून दाखव, मग विद्यापीठात दे.