तेल्या, खैऱ्या आणि एकच जात

डाळिंबावर तेलकट डाग दिसला की सांगोल्याचा बागायतदार ‘तेल्या आला’ म्हणतो. कागदी लिंबावर खरबरीत, खपलीसारखे फोड आले की तो खैऱ्या. कपाशीच्या पानावर शिरांमध्ये अडकलेले कोनी ठिपके पडतात, आंब्याच्या पानावर काळे उंचवटे येतात. चारही पिकांची कुळे वेगळी, लक्षणे वेगळी. पण आजच्या वर्गीकरणात या चारही रोगांचा जिवाणू एकाच जातीचा आहे: झॅन्थोमोनास सिट्री.

१९३९ मध्ये डॉसन यांनी झॅन्थोमोनास ही प्रजाती मांडली. काडीसारखे, एका टोकाला एकच कशाभिका असलेले, प्रयोगशाळेत वाढवले की पिवळ्या, बुळबुळीत वसाहती करणारे हे जिवाणू. पुढे रिवाज असा पडला की रोगट वनस्पती नवी, तर जिवाणूची जातही नवी. जातींची संख्या शंभरावर गेली. त्यांतल्या कितीतरी जाती पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम. के. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिल्या. आंब्यावरच्या जिवाणूला त्यांनी १९४८ मध्ये स्यूडोमोनास या निराळ्या प्रजातीत बसवले होते. त्याच्या वसाहती पिवळ्या नसतात, पांढरट असतात. हाती सूक्ष्मदर्शक आणि काही रासायनिक चाचण्या एवढेच असताना रंगावर भिस्त ठेवणे मला तरी चूक वाटत नाही.

मग लंबक उलट झुकला. १९७४ मध्ये बर्गीच्या जिवाणू-वर्गीकरणाच्या प्रमाणग्रंथात जेमतेम पाच जाती उरल्या. शेतीचे त्याने भागेना, कारण कोबी सडवणारा आणि कपाशी करपवणारा जिवाणू एकाच नावाखाली आले. म्हणून १९८० मध्ये जातीच्या नावापुढे यजमान पीक सांगणारे ‘पॅथोव्हार’ जोडायचे ठरले. १९९५ मध्ये डीएनएच्या तुलनेतून वीस जाती ठरल्या आणि पुढे जनुकसंचांच्या वाचनाने आंबा, डाळिंब, लिंबू, कपाशी एका छत्राखाली आणली.

माझ्या मते शेतकऱ्याच्या कामाचे नाव पॅथोव्हारच. जात एक असली तरी हे जिवाणू वनस्पतीच्या पेशीत जी प्रथिने टोचतात, त्यांचा संच प्रत्येकाचा वेगळा असतो. कोणते पीक आजारी पडणार, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. रोगनिदानाच्या चाचणीनेही नेमका हाच फरक पकडायला हवा. डाळिंबाचे कलम बाहेरून निरोगी दिसत असतानाही त्यात तेल्याचा जिवाणू दडलेला असू शकतो, आणि तो रोपवाटिकेतच ओळखला तर कलमांवाटे बागेत शिरत नाही.