अंगावरून गेलं, तरी दिवस राहिलेले असू शकतात

‘पाळी आली, म्हणजे काळजी मिटली’ हा हिशेब घरोघरी पक्का मानला जातो. शरीर तो दर वेळी पाळत नाही. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चार गर्भवतींपैकी एकीला थोडाफार रक्तस्राव होतो. तो नेमका पाळीच्या तारखेला झाला, की बाई निर्धास्त होते.

बर्लिनमधल्या बाळंतपणांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. दर ४७५ पैकी एका स्त्रीला २० आठवडे उलटेपर्यंत आपल्याला दिवस गेल्याचे कळलेच नव्हते! पाळीसारखे अंगावरून जात राहणे हे अशा अजाणतेपणामागचे एक कारण असते.

गर्भारपणात खरी पाळी येत नाही. बीज सुटल्यावर बीजकोशात उरलेला पिवळसर पुंज प्रोजेस्टेरॉन तयार करतो. गर्भ राहिला नाही तर सुमारे १४ दिवसांत तो सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरते आणि गर्भाशयाचे अस्तर गळून पडते; तीच पाळी. गर्भ रुजला तर त्याच्या पेशी एचसीजी हे संप्रेरक सोडतात, पुंज टिकतो, अस्तरही टिकते. मग रक्त येते ते कधी वार रुजते त्या जागेतून, तर कधी नाजूक झालेल्या गर्भाशयमुखातून. बहुधा हे डाग फिके, तपकिरी, एखाददुसरा दिवस टिकणारे असतात. पण नुसत्या रंगावरून निदान करू नये.

कारण १०० पैकी एक-दोन गर्भ गर्भनलिकेतच रुजतात. तिथेही सुरुवातीला थोडेसेच रक्त जाते. सोबत ओटीपोटात एका बाजूला कळ, चक्कर किंवा खांद्यात दुखणे असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. नलिका फुटली तर जिवावर बेतते.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. गोळ्यांच्या मधल्या खंडात येणारा स्राव ही खरी पाळी नसते, म्हणून तो गर्भ नसल्याचा पुरावाही नव्हे.

खात्री करणे अवघड नाही. तपासणीची पट्टी औषधाच्या दुकानात मिळते, आशाताईंकडे ‘निश्चय’ किट असते. सकाळच्या पहिल्या लघवीचे काही थेंब, पाच मिनिटे, आणि दोन रेघा उमटल्या तर दिवस राहिलेत. एकच रेघ आली पण शंका जात नसेल, तर आठवड्याने पुन्हा पाहावे. कारण पट्टी जे ओळखते, ते एचसीजी सुरुवातीला दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. पाळी नेहमीपेक्षा कमी, वेगळी किंवा अवेळी आली असेल, तर तपासणी करून घ्याच.