उत्तरासाठी सोडलेली जागा

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देशातले पहिले आधार ओळखपत्र दिले गेले. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी गावात आले होते. भारताच्या डिजिटल कारभाराचा नारळ असा या तालुक्यात फुटला. याच तालुक्यात तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा हे गाव आहे. केदारेश्वराच्या मंदिरामुळे खानदेशात ते ‘दक्षिण काशी’ म्हणून सर्वांच्या ओळखीचे. पुरातत्त्वाचे अभ्यासक त्याला ओळखतात ते बी. के. थापर यांच्या १९५५ च्या उत्खननामुळे. त्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. गाव अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरचे. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. नदीकाठच्या आणि हमरस्त्यावरच्या गावांना एका भाषेत राहणे कधी परवडत नाही.

प्रकाशाच्या परिसरात कान उघडे ठेवले तर अहिराणी ऐकू येते, गुजर शेतकऱ्यांची गुजरी ऐकू येते, भिली आणि पावरी ऐकू येते. व्यापारात गुजराती आणि हिंदी आहेच. प्रमाण मराठी प्रामुख्याने शाळेची आणि कचेरीची. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि ६४ टक्क्यांच्या आसपास असलेली साक्षरता राज्यात सर्वांत कमी आहे. येथे पहिलीत येणाऱ्या अनेक मुलांना प्रमाण मराठीच नवी असते. त्यातच २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. पुण्यातल्या मुलाला एक नवी भाषा शिकायची असते. इथल्या मुलाला एकाच वर्षी दोन.

या कोंडीवर गेल्या काही दशकांत पुन्हा पुन्हा एकच तोडगा पुढे आला, तो म्हणजे यंत्र. आधी रेडिओ, मग दूरदर्शन, उपग्रह, प्रोजेक्टर, क्यूआर कोड आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. यातले काय उपयोगी पडले आणि का, हे तपासले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यंत्र किती आधुनिक आहे याने फार फरक पडलेला नाही. मुलाला बोलायला जागा मिळाली का आणि ते बोलल्यावर ऐकणारे कोणी होते का, याने पडला आहे.

रेडिओने शिकवलेला धडा

परकी भाषा शिकवण्यासाठी रेडिओचा सर्वांत विचारपूर्वक वापर झाला तो ‘संवादी रेडिओ’च्या पद्धतीत. १९७० च्या दशकात निकाराग्वामध्ये ती गणितासाठी वापरली गेली. १९८० नंतरच्या काही वर्षांत केनियातील ‘रेडिओ लँग्वेज आर्ट्स’ प्रकल्पाने तिच्यातून प्राथमिक शाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवले. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ या संस्थेने ‘वुई लर्न इंग्लिश’ ही मालिका याच धर्तीवर तयार केली. आकाशवाणीवरून ती प्रादेशिक माध्यमाच्या शाळांपर्यंत पोहोचली.

या पद्धतीचा पाठ कसा चालतो ते पाहण्याजोगे आहे. रेडिओवरचा आवाज आधी वर्गातल्या शिक्षकाला सूचना देतो, समजा, पेन्सिल वर धरा. मग मुलांना विचारतो, ‘व्हॉट इज धिस?’ आणि गप्प बसतो. काही सेकंद रेडिओतून काहीच येत नाही. त्या वेळात वर्ग एका सुरात उत्तर देतो. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगतो आणि पुढे जातो. अर्ध्या तासाच्या पाठात असे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पाठ लिहिणाऱ्याचे खरे कसब या मोकळ्या सेकंदांत असते. ते कमी पडले तर मूल बोलायच्या आत उत्तर येऊन थडकते. जास्त झाले तर वर्गात गोंगाट सुरू होतो.

या पद्धतीने आणखी एक काम नकळत केले. इंग्रजी बोलण्याचा सराव नसलेला शिक्षक मुलांसोबत तोच पाठ ऐकत होता, त्याच सूचना पाळत होता. वेगळे प्रशिक्षण न लावता त्याचे प्रशिक्षण त्याच्याच वर्गात चालले होते. मर्यादाही होतीच. रेडिओला मुलाची चूक ऐकू येत नाही. शहरातल्या वर्गासाठी सोडलेली जागा आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या वर्गासाठी सोडलेली जागा एकाच मापाची. ती कमी-जास्त करणे वर्गात उभ्या असलेल्या माणसालाच जमते.

गाडीवाटची जपानी

औरंगाबादपासून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपासून, सुमारे २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये एक परदेशी भाषा शिकवायचे ठरवले आणि चौथी ते आठवीच्या मुलांनाच विचारले, कोणती शिकायची? बहुतेकांनी जपानी निवडली. कारण सरळ होते: त्यांना रोबोट आणि तंत्रज्ञानात रस होता.

शाळेकडे जपानीचा शिक्षक नव्हता, पुस्तक नव्हते. शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची अ‍ॅप जमवून सुरुवात केली. पुढे शहरातल्या एका जपानी जाणणाऱ्या गृहस्थांना हे कळले आणि त्यांनी मोबदला न घेता ऑनलाइन वर्ग घ्यायची तयारी दाखवली. करोनाच्या २०२० सालात हे वर्ग सुरू झाले. घरोघरी स्मार्टफोन नव्हते, म्हणून ‘विषयमित्र’ ही रीत वापरली गेली. ज्या मुलांना वर्गाला बसता आले, त्यांनी शिकलेले इतरांना शिकवायचे.

या गोष्टीची बातमी झाली ती खेड्यातली मुले जपानी बोलतात म्हणून. भाषाशिक्षणाच्या दृष्टीने मोलाचा भाग त्यापुढचा आहे. व्हिडिओने सुरुवात करून दिली, तरी शिकण्याला बळ आले ते फोनच्या पलीकडे उत्तर ऐकणारा माणूस मिळाल्यावर आणि अलीकडे एका मुलाला दुसरे मूल विद्यार्थी म्हणून मिळाल्यावर. विषयमित्र होणाऱ्या मुलाला वाक्य नुसते ऐकून चालत नाही. दुसऱ्याला सांगायचे तर ते स्वतःच्या तोंडून नीट यावे लागते.

लिंक आणि भेट

२०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा परिषद शाळांमध्ये ‘डिजिटल शाळा’ होण्याची चढाओढ लागली. गावागावांत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टीव्ही, स्पीकर आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता आणि पाठ ध्वनीच्या, दृश्याच्या रूपात मुलांपर्यंत नेले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर असे कोड छापले जाऊ लागले. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ डिसले यांना मिळाला. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ व्यासपीठ २०१७ मध्ये आले. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हा शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि करोनाकाळात तोही दीक्षावर गेला.

दुर्गम जिल्ह्याला याचा फायदा झाला, हे मान्य करायला हवे. तोरणमाळच्या शिक्षकाला प्रशिक्षणासाठी घाट उतरून दोन दिवस वर्ग बंद ठेवावा लागू नये, ही साधी सोय नाही. पण लिंकवरच्या प्रशिक्षणाची एक खोड शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे. गटावर लिंक येते, पाठोपाठ मुदत येते, मग ‘कोणाचे बाकी आहे?’ अशी विचारणा येते. रेंज मिळेल तिथे फोन धरून व्हिडिओ चालू ठेवायचा, प्रश्नमंजूषा सोडवायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे. गणिताच्या पद्धतीची माहिती अशी मिळू शकते. बोलायची भाषा अशी येत नाही, कारण या सगळ्यात शिक्षकाला एकदाही तोंड उघडावे लागत नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. २०१६ मध्ये राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी ‘तेजस’ हा प्रकल्प हाती घेतला. प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचे स्थानिक गट करायचे, त्यांनी ठरावीक काळाने भेटायचे, एखादी कृती करून पाहायची, ती वर्गात न्यायची आणि पुढच्या भेटीत तिच्याविषयी बोलायचे, अशी त्याची मांडणी होती. दोन भेटींच्या मधल्या काळात संपर्कासाठी समाजमाध्यमे. इथे फोनचे काम भेटीला जोडून ठेवण्याचे होते; भेटीची जागा त्याने घेतली नाही.

अशा भेटीत काय करता येते, याचा एक नमुना घेऊ. आपल्याकडे पुष्कळ शिक्षक ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ सारखेच उच्चारतात. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो, दात लागत नाहीत. हे कोणी दाखवलेच नसेल तर वीस वर्षे शिकवूनही कळत नाही. शिक्षकाने स्वतःचा एक मिनिटाचा आवाज फोनवर घ्यावा, चार सहकाऱ्यांत बसून ऐकावा आणि पुन्हा बोलून पाहावे. याला इंटरनेटही लागत नाही. लागते ती चूक हसण्यावारी न नेणारी मंडळी.

घरातली भाषा यंत्राला कळते का?

प्रकाशाच्या बाबतीत खरी अडचण इथून पुढे आहे. दीक्षावरचे, यूट्यूबवरचे इंग्रजीचे बहुतेक साहित्य मराठी किंवा हिंदीतून समजावते. गूगलचे वाचन-सरावाचे अ‍ॅप २०१९ मध्ये ‘बोलो’ या नावाने आले आणि पुढे ‘रीड अलाँग’ झाले. त्यात ‘दिया’ नावाचे पात्र मुलाचे वाचन ऐकते, अडखळले तर मदत करते. ते इंग्रजी आणि मराठी दोन्ही ऐकते, म्हणजे उत्तरासाठी जागा सोडणारे यंत्र आता आहे. पण घरी भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला दियाच्या दोन्ही भाषा शाळेतल्याच.

भिली ही काही मूठभर लोकांची बोली नाही. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणाऱ्यांची नोंद एक कोटी चार लाखांहून अधिक आहे. तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘भाषिणी’ प्रकल्पाने अनुसूचीतल्या २२ भाषांवर भर दिला, त्यात तिला जागा नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन प्राथमिक रूपात आणले. त्यात संताली, मुंडारी आणि गोंडीसोबत भिलीही आहे. ती मध्य प्रदेशातली भिली. सातपुड्याच्या या अंगाची बोली त्यात किती सामावते, हे इथल्या लोकांनीच वापरून सांगायचे आहे.

घरच्या भाषेचा आधार घेतला तर काय घडते, हे याच जिल्ह्यातल्या जीवनशाळांनी तीस वर्षांपूर्वीच दाखवले. नर्मदा बचाओ आंदोलनाने नर्मदाकाठच्या अक्राणी आणि अक्कलकुवा भागात त्या सुरू केल्या. शिक्षक त्याच समाजातले, सुरुवात मुलांच्या बोलीतून. हाती यंत्र नव्हते. मुलाचे बोलणे समजणारा माणूस होता.

इंग्रजीच्या तासाला याचा थेट उपयोग आहे. मराठीत ‘माझे नाव गणेश’ एवढे म्हटले तरी चालते, म्हणून मुले ‘माय नेम गणेश’ म्हणून मोकळी होतात. अहिराणी बोलणारे मूल ‘मन्हं नाव गणेश शे’ म्हणते. त्या ‘शे’ला ‘इज’ जोडून देणे अहिराणी जाणणाऱ्या शिक्षकाला सहज सुचेल. मराठीवर आधारलेल्या व्हिडिओला ते कधीच सुचणार नाही.

पुढे जर्मन

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार तरुणांचे लक्ष्य ठेवले गेले. त्यासाठी जर्मन शिकवायची, तर आधी जर्मन शिकवणारे घडवायचे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. या तरुणांत नंदुरबारची मुले असायला हवी असतील तर इंग्रजीबाबत झालेली घाई पुन्हा करून भागणार नाही. दूरस्थ वर्ग लागतीलच, कारण जर्मनचे शिक्षक बहुतेक पुण्या-मुंबईकडे. पण त्या पडद्यासमोर मुलांसोबत बसणारा, त्यांच्याबरोबर शिकणारा एक स्थानिक शिक्षक प्रत्येक ठिकाणी हवा.

करण्याजोग्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. आसपासच्या शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एक तास फक्त बोलण्याला द्यावा. परिपत्रके आणि लिंक त्या तासाला बाहेर ठेवाव्यात. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने गावातल्याच तरुण-तरुणींकडून भिली, पावरी, गुजरी आणि अहिराणीत छोटी ध्वनिमुद्रणे करून घ्यावीत आणि ती इंग्रजीच्या धड्यांना जोडावीत. क्यूआर कोडची वाट तर तयारच आहे. आणि प्रकाशा, शहादा, तळोदा सोडून सुरतेला, पुण्याला किंवा परदेशात स्थिरावलेल्या मंडळींनी गावच्या शाळेला आणखी एक टीव्ही देण्याआधी मुख्याध्यापकांना फोन करावा आणि आठवड्यातला अर्धा तास मागून घ्यावा. त्या अर्ध्या तासात इंग्रजीत एक प्रश्न विचारावा, आणि मुलाचे उत्तर येईपर्यंत स्वतः गप्प बसावे.